रेड वाइनची पारख : घाटपायथ्याच्या वाचकासाठी प्रस्तावना

शहापूर आणि मुरबाड हे द्राक्षांचे तालुके नाहीत. इथे भात पिकतो, वरकस जमिनीवर नागली-वरी होते, उन्हाळ्यात माळावर करवंदे आणि रानात मोहाची फुले. सह्याद्रीला अडलेले ढग पावसाळाभर इथेच रिते होतात आणि हवा इतकी ओली राहते की द्राक्षवेल केवडा आणि करपा या रोगांतून वर येणार नाही. तरीही महाराष्ट्रातल्या वाइनचा अभ्यास कुठून सुरू करावा असे कोणी विचारले, तर मी याच दोन तालुक्यांकडे बोट दाखवीन. शहापूरवरून कसारा घाट चढला की इगतपुरी आणि पुढे नाशिक. मुरबाडवरून माळशेज चढला की जुन्नर, आळेफाटा, नारायणगाव. नारायणगावला १९८०च्या दशकात शॅटो इंदागेने फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळ वाइन बनवली आणि ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी पाठवली. ती कंपनी पुढे टिकली नाही, पण दख्खनच्या पठारावर परदेशी जातीच्या द्राक्षांची वाइन होऊ शकते हे तिने दाखवून दिले. नाशिकजवळ राजीव सामंत यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली आणि २००१मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आणले. पिकवणारा मुलूख घाटावर, पिणारा बराचसा मुंबई-ठाण्यात, आणि या दोघांच्या मधे हे दोन तालुके.

या वाटा जुन्या आहेत. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून नाणेघाटाची चढण लागते. माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे आणि जवळच जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण. कल्याण-सोपाऱ्याला उतरलेला माल जुन्नर, पैठण, तेरकडे जाताना ही चढण चढत असे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी मार्गदर्शिकेत कल्याणचे नाव येते. त्याच पुस्तकात भडोचला येणाऱ्या मालाची यादी आहे आणि तिच्या सुरुवातीलाच वाइन आहे. इटलीच्या वाइनला पहिली पसंती, तिच्याबरोबर लाओडिसियाची आणि अरबस्तानची. नेवाशाच्या उत्खननात भूमध्य समुद्राकडच्या दोन मुठींच्या कुंभांचे तुकडे मिळाले. पश्चिम भारतात मिळालेले असे सगळेच तुकडे रोमन नाहीत, काही मेसोपोटेमियाच्या बिनमुठीच्या लांबट कुंभांचे आहेत, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. तपशील काहीही असो, वाइन कुठल्या मातीतली आहे हे विचारून मगच ती घेणारा गिऱ्हाईक या किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी होता. आपण ज्या विषयात शिरतो आहोत त्याचा पहिला प्रश्न तोच आहे.

या पानांतली पारख बोर्दो वळणाच्या लाल वाइनची आहे. तिचा मूळ नमुना ज्या गावाचा, त्या बोर्दोची ओळख आता करून घेऊ. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला गारोन आणि दोर्दोन्य या नद्या मिळतात आणि जिरोंदची खाडी होते. खाडीच्या आणि गारोनच्या डाव्या तीरावर मेदोक आणि ग्राव्हचा प्रदेश आहे. तिथल्या मातीत नदीने आणलेले गोटे भरपूर. पाणी चटकन निथळते, गोटे दिवसाचे ऊन धरून ठेवतात, म्हणून उशिरा पिकणारे काबर्ने सोव्हिन्यों तिथे साधते. मेदोकचा बराच भाग मुळात दलदल होता. सतराव्या शतकात डच अभियंत्यांनी चर खणून तो कोरडा केला. उजव्या तीरावर, सेंट-एमिल्यों आणि पोमरोलला, चिकणमाती आणि चुनखडी. तिथे मर्लो आणि काबर्ने फ्रांक. यांना पेती व्हर्दो आणि माल्बेकची थोडी जोड दिली की बोर्दोचे मिश्रण पूर्ण होते. काबर्ने सोव्हिन्यों ही थोर जात मुळात काबर्ने फ्रांक आणि पांढऱ्या सोव्हिन्यों ब्लांक यांच्या आपसूक झालेल्या संकरातून जन्मली, हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या शास्त्रज्ञांनी १९९७ साली जनुकीय तपासणीने सिद्ध केले.

मिश्रण का, हा प्रश्न नवख्याने जरूर विचारावा, कारण त्याच्या उत्तरात शेतकरी दिसतो. मर्लो लवकर फुटते, म्हणून वसंतातल्या हिमकणांना ती सापडते. काबर्ने उशिरा पिकते, म्हणून शरद ऋतूतल्या पावसात तिचा घात होतो. दोन्ही लावल्या तर एक वर्ष एकीने मारले तरी दुसरी हात देते. बोर्दोची चव म्हणून जग जिचे कौतुक करते, ती अशी हवामानाच्या भीतीतून घडली आहे. नाशिकला ती भीती नाही. तिथे आपण हे मिश्रण केवळ चवीसाठी स्वीकारले आहे आणि म्हणूनच ते बदलण्याचे पूर्ण स्वातंत्र्य आपल्याला आहे.

१८५५च्या वर्गवारीचा उल्लेख वाचकाला वारंवार भेटेल. पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने ती मागवली आणि बोर्दोच्या दलालांनी त्या वेळच्या बाजारभावावरून मेदोकमधल्या मळ्यांचे पाच वर्ग लावले. पहिल्या वर्गात लाफित, लातूर आणि मार्गो, शिवाय ग्राव्हमधले ओ-ब्रियों. १९७३ साली मूतों रोथशिल्ड त्यांत बसले. एवढाच काय तो ठळक बदल. पोमरोलची अशी वर्गवारी कधी झालीच नाही, तरी तिथले पेत्रुस जगातल्या सर्वांत महागड्या वाइनमध्ये गणले जाते. वर्गवारी जरूर वाचावी, पण ती १८५५च्या किमतींची नोंद आहे हे ध्यानात ठेवून. एखाद्या नामवंत मळ्याची दुय्यम वाइन किंवा ‘क्रू बुर्ज्वा’ या वर्गवारीबाहेरच्या दर्जाची चांगल्या वर्षाची बाटली बहुतेकांना जास्त समाधान देईल. भारतात दीर्घकाळ आयात वाइनवर दीडशे टक्के सीमाशुल्क राहिले, त्यावर राज्याचे कर. त्यामुळे फ्रान्समध्ये रोजच्या जेवणाला उघडली जाणारी बाटली आपल्याकडे चैनीच्या किमतीला मिळते आणि किमतीवरून तिचा दर्जा जोखणारा फसतो.

आता घाट चढू. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो; तिथून ४५ किलोमीटरवरच्या नाशिकला सातशेच्या आसपास. या उतरत्या पावसाच्या पट्ट्यात, इगतपुरी तालुक्यातल्या सांजेगावपासून दिंडोरी-निफाडपर्यंत, वाइनची द्राक्षे होतात. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला २०१०मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बोर्दो ४५ अंश अक्षांशाजवळ, नाशिक २० अंशांवर. बोर्दोची वेल हिवाळ्यात झोपते, आपली झोपतच नाही. म्हणून आपला बागाईतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करून काडी तयार करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी घेतो. घड थंडीत वाढतात, तोडणी जानेवारीअखेर ते मार्च. लेबलवर जे वर्ष छापलेले असते त्याच्या आदल्या पावसाळ्याच्या शेवटीच त्या वाइनची कथा सुरू झालेली असते. नोव्हेंबर २००९चे फयान वादळ आणि २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट ज्यांनी पाहिली त्यांना आपल्याकडेही वर्षावर्षांत फरक असतो हे सांगावे लागणार नाही.

आपल्या लाल वाइनची खरी अडचण फेब्रुवारीनंतर सुरू होते. बोर्दोला पीक तयार होताना हवा थंड होत जाते. नाशिकला ती तापत जाते. साखर भराभर चढते, आम्ल त्याच वेगाने उतरते, आणि बी व साल यांतले तुरट टॅनिन मात्र आपल्या चालीने पिकते. थांबावे तर आम्ल जाते, तोडावे तर काबर्नेला हिरव्या शिमला मिरचीचा वास राहतो. आपल्या अनेक काबर्नेंमध्ये हा वास येतो तो यामुळे. वाइनकार टार्टारिक आम्ल घालून तोल सावरतात, त्यात गैर काहीच नाही. पण जन्मतःच ज्या वाइनमध्ये आम्ल भरपूर असते तिचे आयुष्य आणि सावरलेल्या वाइनचे आयुष्य सारखे नसते.

म्हणून काबर्नेबरोबर शिराझ घेण्याची जी रीत आपल्याकडे पडली ती मला शहाणपणाची वाटते. शिराझ नाशिकच्या उन्हाला जास्त मानवते. काबर्ने-शिराझचे सर्वांत जुने नामांकित भारतीय उदाहरण म्हणजे बंगळूरूजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरातले ग्रोव्हरचे ‘ला रिझर्व’. पोमरोलचे मिशेल रोलां या घराण्याचे सल्लागार होते. २०१२मध्ये ग्रोव्हर आणि सांजेगावची झाम्पा एकत्र आल्या, तेव्हा तो धागा कसाऱ्याच्या माथ्यापर्यंत पोहोचला. बोर्दोत शिराझ चालत नाही, मग याला बोर्दो वळणाचे कसे म्हणावे, असा आक्षेप येतो. त्याला उत्तर बोर्दोच्याच इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले व्यापारी फिक्या वर्षांच्या वाइनला ऱ्होन खोऱ्यातल्या एर्मिताजच्या शिराझची जोड उघडपणे देत आणि गिऱ्हाइके त्यासाठी जास्त पैसे मोजत. शिवाय २०२१मध्ये बोर्दोनेच वाढत्या उष्म्यामुळे सहा नव्या जातींना परवानगी दिली. पोर्तुगालची तोरिगा नासिओनाल त्यांत आहे. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या बाजूला फ्रातेल्लीने वेगळा रस्ता घेतला. तिथल्या ‘सेत्ते’मध्ये काबर्नेची जोड इटलीच्या सांजोव्हेजेशी आहे, तस्कनीतल्या अलीकडच्या रिवाजाप्रमाणे. सुलाच्या ‘रासा’ मालिकेतल्या लाल वाइन, सांजेगावच्याच व्हॅलोनेच्या काबर्ने आणि माल्बेक, ही नावे अभ्यासाला घ्यावीत अशी आहेत.

बाटली प्यायची की ठेवायची, हा या विषयाचा गाभा. ठेवल्याने प्रत्येक वाइन सुधारते हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे. जगातली बहुतांश वाइन पहिल्या दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच बनते. जी ठेवण्याजोगी असते तिच्यात तीन गोष्टी एकत्र हव्यात : भरीव टॅनिन, जिवंत आम्ल आणि या दोन्हींना पुरून उरेल इतका फळाचा अर्क. बाटलीत वर्षानुवर्षे टॅनिनचे आणि रंगद्रव्यांचे कण एकमेकांशी जुळत मोठे होतात, काही गाळ म्हणून तळाशी बसतात, तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरी होत जातो आणि फळाच्या वासाच्या जागी चामडे, तंबाखू, ओल्या पानांचे वास येतात. फळ कमी असेल तर टॅनिन मऊ होईपर्यंत फळ संपलेले असते आणि हाती कोरडी, पोकळ वाइन उरते. आम्ल कमी असेल तर ती लवकर सपाट होते. नवीन ओकच्या २२५ लिटरच्या पिंपातला व्हॅनिलासारखा सुगंध ही तर ठेवण्याची पात्रता मुळीच नाही, तरी नवखे लोक त्यालाच भुलतात. ‘रिझर्व’ या शब्दावरही विसंबू नये. स्पेनमध्ये त्यामागे कायदा आहे, इतर अनेक ठिकाणी नाही.

या तीन गोष्टी ओळखायला जिभेला वळण लावावे लागते आणि त्यासाठी या दोन तालुक्यांतल्या माणसाला परदेशी फळांच्या नावांची गरज नाही. हिरड्याचा तुकडा चघळल्यावर हिरड्या आणि गाल जे आवळून येतात, ते टॅनिन. कच्चे करवंद चावल्यावर जिभेच्या कडांना सुटणारे पाणी म्हणजे आम्ल. पिकलेल्या जांभळात तुरट, आंबट आणि गोड तिन्ही एकत्र असतात आणि कुठल्या झाडाच्या जांभळात कशाचा जोर आहे हे इथल्या पोरांना कळते. तेच लक्ष पेल्याकडे वळवायचे आहे. काळ्या करवंदाचा, जांभळाचा वास चांगल्या तरुण काबर्नेत खरोखर सापडतो. तो आपल्या आठवणीतून ओळखणे हे पाठ केलेल्या वर्णनापेक्षा कितीतरी भक्कम ज्ञान आहे.

माझा अनुभव असा की नाशिकच्या चांगल्या काबर्ने आणि काबर्ने-शिराझ तोडणीपासून तीन ते सहा वर्षांत सर्वांत सुखद असतात. मोजक्याच त्यापुढे काही वर्षे तग धरतात. बोर्दोची साधी बाटली तीन ते पाच वर्षांत उघडावी. वर्गवारीतल्या मळ्यांची २००५, २०१० किंवा २०१६ सारख्या थोर वर्षांची वाइन मात्र दहा-वीस वर्षे आणि त्याहून जास्त मागते. तिला आधी उघडणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

पण ठेवायची कुठे? घाटपायथ्याच्या वाचकाने बाटली निवडण्याआधी हा प्रश्न सोडवला पाहिजे. वाइनला १२ ते १४ अंश तापमान, सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता, अंधार आणि स्थैर्य लागते. जमिनीत काही मीटर खोल गेले की तापमान वर्षभर जवळपास स्थिर राहते आणि ते त्या जागेच्या वार्षिक सरासरीइतके असते. बोर्दोची ती सरासरी १३-१४ अंश आहे. तिथल्या माणसाला थंड तळघर निसर्गाने फुकट दिले. आपल्याकडे ती सरासरी २६-२७ अंश आहे. शहापुरात कितीही खोल तळघर खणले तरी ते बोर्दोचे होणार नाही, आणि सखल जागी पावसात त्यात पाणी भरेल ते वेगळेच. रासायनिक क्रियांचा वेग दर दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो, असा अंदाज धरतात. म्हणजे इथल्या सरासरी तापमानात वाइन दुपटीहून वेगाने म्हातारी होते, तीही वाईट रीतीने : फळ शिजल्यासारखे लागते, कॉर्क वर सरकतो, वेष्टणाखाली चिकट ओघळ दिसतो. मे महिन्यात पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या घरात चाळिशी पार होते, तेव्हा एक आठवडासुद्धा पुरतो.

यातून मार्ग आहेत. घरातली तळमजल्यावरची, आतल्या भिंतीची सर्वांत थंड जागा शोधून तिथे कमाल-किमान तापमापक एक उन्हाळा ठेवावा आणि आकडे पाहूनच ठरवावे. पारा २५च्या वर जात असेल तर तिथे बाटली उन्हाळा काढणार नाही. घरच्या फ्रीजमध्ये काही महिने निभावतात. त्यापुढे कोरड्या हवेने कॉर्क आक्रसतो. स्क्रू कॅपच्या बाटल्यांना ती भीती नाही आणि नाशिकच्या अनेक वाइन आज तशाच येतात. खास वाइनसाठीचे कपाट घ्यायचे तर वीज किती वेळ जाते याचा हिशेब आधी करावा. खरेदी डिसेंबर ते फेब्रुवारीत करावी. दुकानात बाटली किती दिवस, कुठल्या फळीवर उभी होती हे विचारायला संकोचू नये. घाटावरच्या वाइनरीतून बाटल्या आणत असाल तर मेच्या दुपारी बंद गाडीत त्या सोडून खर्डीला जेवायला उतरू नये.

दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. या राज्यात १९४९चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे; पिण्यासाठी आणि बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि साठ्याला मर्यादा आहे. संग्रह करणाऱ्याने तो नियम आधी समजून घ्यावा. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. या मुलखाचे मद्य मोहाचे आणि ताडीचे. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने आणि ठाणे-कुलाब्यासाठी केलेल्या १८९२च्या मोहा कायद्याने ते सरकारच्या ताब्यात घेतले आणि आदिवासींच्या सणासमारंभातली वस्तू गुन्हा ठरली. त्यानंतर आलेल्या स्वस्त दारूने पाड्यापाड्यांवर घरे मोडली आहेत. गावातल्या बायका मतदानाने ‘आडवी बाटली’ करून दुकान बंद पाडतात, तेव्हा त्यांच्यामागे हा सारा इतिहास असतो. त्यांच्या बाजूला मी आहे. वाइनही मद्यच आहे, शरीर तिला सवलत देत नाही. ज्यांनी पिण्याचा निर्णय स्वतःपुरता, जाणून घेतला आहे, त्यांनी कमी आणि लक्षपूर्वक प्यावे, एवढ्यासाठी ही पाने आहेत.

सुरुवात तीन बाटल्यांनी करा, आणि दोन-तीन स्नेह्यांसह, जेवणाबरोबर. एक नाशिकची काबर्ने-शिराझ, एक अकलूजकडची काबर्नेचा अंश असलेली, एक बोर्दोची साधी, मर्लोप्रधान. तिन्ही १६ ते १८ अंशांवर. इथल्या खोलीचे तापमान त्यासाठी फार जास्त, म्हणून आधी तेवढ्या थंड होईपर्यंत फ्रीजमध्ये ठेवा. पांढऱ्या कागदावर पेला तिरपा धरून कडेचा रंग पाहा, मग वास, मग घोट. तुरट किती, आंबट किती, फळ किती आणि गिळल्यावर चव किती वेळ राहते, एवढेच चार रकाने वहीत भरा. प्रत्येक बाटलीत थोडी शिल्लक ठेवून बूच लावा, फ्रीजमध्ये ठेवा, आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी तेच चार रकाने पुन्हा भरा. हवेने जी वाइन दुसऱ्याच दिवशी कोलमडते ती ठेवण्याची नव्हे. जी तिसऱ्या दिवशी अधिक खुललेली असते, तिची आणखी एक बाटली घेऊन थंड जागी ठेवायला हरकत नाही. ती कधी उघडायची हे ठरवण्याची रीत पहिल्या प्रकरणात आहे.